घाबरलेला सहकारी साक्षीला कसा तयार होतो? (विषय : खोटा डेटा रचणारा वरिष्ठ शास्त्रज्ञ)

अभोगी

लॅबचा प्रमुख आकडे रचतो आहे आणि त्या आकड्यांच्या भरवशावर माणसांवर उपचार सुरू आहेत किंवा लवकरच होणार आहेत. तुम्हाला संशय आहे, थोडाफार पुरावाही आहे. पण कच्चा डेटा ज्याच्या हातून जातो तो माणूस वेगळाच आहे. पीएचडीची विद्यार्थिनी असेल, तंत्रज्ञ असेल, संख्याशास्त्रज्ञ असेल. त्यालाही काहीतरी खटकलंय हे दिसतं, पण विषय काढला की तो गप्प होतो. अशा माणसाला सोबत कसं घ्यायचं, यासाठी हा धागा.

मुळात तो हवा कशाला? तक्रारदार एकटा असला की समोरच्याचं उत्तर तयार असतं : 'याचं माझ्याशी वाकडं आहे.' दोघांनी एकमेकांना न विचारता तीच विसंगती पाहिली असेल तर हे उत्तर चालत नाही. नेदरलँड्समधल्या टिल्बर्ग विद्यापीठातला सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल २०११ मध्ये उघडा पडला, कारण तीन तरुण संशोधकांनी कित्येक महिने मिळून निरीक्षणं जमवली आणि मग ती विभागप्रमुखांसमोर ठेवली. त्याच्याबद्दल आधीही तरुण संशोधकांना शंका आल्या होत्या, पण त्या सुट्या राहिल्या आणि विरून गेल्या. पुढे त्याचे ५०हून जास्त पेपर मागे घेतले गेले.

बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं. पहिल्याच भेटीत ते विचारतात, 'तू माझ्या बाजूने उभा राहशील का?' याला 'हो' म्हणणं म्हणजे पदवी, नोकरी, शिफारसपत्र सगळं एका वाक्यात पणाला लावणं. पहिली मागणी इतकी लहान हवी की ती पूर्ण केल्याने त्याचं काहीच बिघडणार नाही. उदाहरणार्थ : 'आकृती ३ मधल्या प्रयोगाची मूळ फाइल कुठल्या फोल्डरमध्ये असते?' एवढंच. उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते पाहा. 'सरांच्या लॅपटॉपवर असते, आम्हाला देत नाहीत' हे उत्तर स्वतःच मोठी माहिती आहे. स्टापेलच्या बाबतीत नेमकं हेच होतं. शाळांमधून डेटा गोळा केल्याचं तो सांगायचा आणि विद्यार्थ्यांच्या हाती तयार फाइल द्यायचा.

निरंजना

भीती कसली आहे ते कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये. 'तो घाबरतो' असं म्हणून सोडून दिलं तर उपाय सापडत नाही, कारण प्रत्येक भीतीला उपाय वेगळा.

विद्यार्थ्याची भीती पदवीची असते. लॅब बंद पडली तर प्रबंधाचं काय? तंत्रज्ञाची भीती कंत्राटाच्या नूतनीकरणाची. परदेशातून आलेल्या पोस्टडॉकचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, तो बोलत नाही यात भ्याडपणा काहीच नाही. संख्याशास्त्रज्ञाला बहुधा वेगळीच धास्ती असते : आपलं चुकत असेल तर एका चांगल्या माणसाचं आयुष्य आपण नासवू.

सगळ्यात अवघड सहलेखक. त्याचं नाव त्याच पेपरवर आहे. त्याला 'तुला काही होणार नाही' असं सांगू नका, कारण ते खरं असेलच असं नाही. बेल लॅब्समधला भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक श्योन याच्या प्रकरणात २००२ च्या समितीने २४ पैकी १६ आरोपांत गैरप्रकार सिद्ध मानले आणि सहलेखकांना गैरप्रकाराच्या आरोपातून मुक्त केलं. उलट स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने कृत्रिम श्वासनलिका बसवणारा सर्जन पाओलो मॅक्कियारिनी याच्या प्रकरणात २०१८ मध्ये निर्णय दिला, तेव्हा २०१४ मध्ये तक्रार करणाऱ्या चार डॉक्टरांपैकी काहींवरही सहलेखक म्हणून ठपका आला. दोन्ही उदाहरणं सहलेखकाला सांगावीत. अर्धं सांगून मिळवलेला साथीदार समितीच्या पहिल्या कठीण प्रश्नाला मागे फिरतो.

त्याला प्रामाणिकपणे सांगता येण्यासारखं एक आहे. स्वतःहून आधी बोललेला सहलेखक आणि चौकशीत सापडलेला सहलेखक यांच्याकडे समिती सहसा एकाच नजरेने पाहत नाही. त्यामुळे त्याने आपला भाग आताच लिहून ठेवावा : कुठला प्रयोग मी केला, कुठला डेटा मला आयता मिळाला, कुठली आकृती मी फक्त पाहिली. तारखांसकट, जास्तीत जास्त एक पान. हे पान तुम्हाला द्यायची गरज नाही. त्याचं त्याच्याकडेच राहू दे.

मोजपट्टी

माझ्या मते पारडं फिरवणारी गोष्ट एकच : त्याला तुमचा निष्कर्ष सांगू नका. डेटा द्या आणि प्रश्न द्या.

समजा तुम्हाला दोन वेस्टर्न ब्लॉटमध्ये (नमुन्यातली प्रथिनं पडद्यावर गडद पट्ट्यांच्या, म्हणजे बँडच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या प्रतिमांत) तोच बँड दोनदा वापरलेला दिसला. 'हे बघ, हा बँड तोच आहे' असं दाखवलंत की त्याची नजर तिथेच जाते आणि त्याच्या मताला किंमत उरत नाही. त्याऐवजी त्या पेपरमधल्या सगळ्या ब्लॉटच्या प्रतिमा द्या, सोबत दुसऱ्या लॅबच्या एकदोन पेपरच्याही मिसळा आणि म्हणा, 'कुठे काही खटकतं का ते बघून लिहून ठेव.' तोही त्याच जागी पोचला तर दोन गोष्टी एकदम झाल्या. त्याची खात्री पटली, आणि तुमच्या हाती स्वतंत्र पडताळणी आली. त्याला काहीच सापडलं नाही, तर तुमचा पुरावा वाटला तेवढा भक्कम नाही हे तक्रारीआधीच कळलं.

आकड्यांसाठी ग्रिम चाचणी (छापलेली सरासरी तेवढ्या माणसांत येऊ तरी शकते का, हे तपासणं) उत्तम, कारण ती कागद-पेन्सिलने होते आणि संख्याशास्त्र न येणाऱ्यालाही पटते. १ ते ७ अशा पूर्णांकात उत्तरं देणारे २५ जण असतील तर बेरीज पूर्णांकच येणार आणि सरासरी ०.०४ च्या पटीतच पडणार. ८६ भागिले २५ म्हणजे ३.४४, ८७ भागिले २५ म्हणजे ३.४८. पेपरमध्ये ३.४७ छापलं असेल तर ती सरासरी येऊच शकत नाही. घाबरलेल्या माणसासमोर यातलं एकच उदाहरण ठेवा, बाकीची त्याला स्वतः काढू द्या.

चाचणी कुठे फसते तेही त्याला आधीच सांगा, नाहीतर बचाव पक्ष सांगेल.
– दोन दशांश स्थळांपर्यंतच्या सरासरीला ती साधारण १०० पेक्षा कमी माणसं असतील तरच उपयोगी.
– प्रत्येकाच्या ४ प्रश्नांची सरासरी घेतली असेल तर २५ ऐवजी १०० धरावे लागतात आणि मग काहीच पकडता येत नाही.
– मध्येच गळालेले लोक वजा करून खरी संख्या १९ असेल, तर ३.४७ बरोबर असेल आणि चूक फक्त तक्त्यातल्या संख्येची असेल.
– एखादी विसंगती म्हणजे छपाईची चूक असू शकते. एकाच पेपरमध्ये पाचसहा, त्याही सगळ्या गृहीतकाच्या बाजूने झुकणाऱ्या, हे वेगळं.

ब्लॉटच्या बाबतीतही तसंच. तोच पडदा धुऊन दुसऱ्या प्रतिपिंडाने पुन्हा तपासला असेल तर नियंत्रण-बँड दोन आकृत्यांत सारखा दिसणं रास्त आहे. छापील पीडीएफमधल्या प्रतिमा जेपेग दाबणीने चौकोनी ठिपक्यांच्या होतात, त्यावरून 'कापून चिकटवलं' असं म्हणू नका. फिजी या प्रतिमा तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून कॉन्ट्रास्ट ताणा आणि बँडकडे नको, आजूबाजूच्या पार्श्वभूमीतल्या कणांकडे पाहा. दोन वेगळ्या प्रयोगांत बँडचा आकार योगायोगाने जुळेल, पण पार्श्वभूमीचा गोंगाट जुळत नाही. श्योन पकडला गेला तो असाच. वेगवेगळ्या प्रयोगांचे म्हणून छापलेल्या आलेखांमधला गोंगाट एकसारखा निघाला.

शेवाळ

+१. आंधळी पडताळणी हा मुद्दा फार मोलाचा आहे.

पण एक शंका. ज्याला डेटा दिला तोच जाऊन प्रमुखाला सांगेल तर? रातोरात फायली गायब होतील.

अभोगी

@शेवाळ, म्हणूनच क्रम महत्त्वाचा. जे नष्ट होऊ शकतं ते आधी सुरक्षित, माणसाशी बोलणं त्यानंतर. आणि पहिली पडताळणी फक्त प्रकाशित साहित्यावर : छापलेले तक्ते, छापलेल्या आकृत्या, पुरवणी फायली. हे कुणालाही वाचायला खुलं आहे, त्यामुळे बातमी फुटली तरी 'एक जण आमचा पेपर बारकाईने वाचतोय' यापलीकडे काही फुटत नाही. अंतर्गत फायलींचा विषय त्याने स्वतः काढेपर्यंत तुम्ही काढू नका.

संस्थेचा ईमेल, संस्थेची क्लाउड जागा, लॅबचा चॅट-गट यांतलं काहीही वापरू नये. समोरासमोर बोला. आणि त्याचं बोलणं चोरून रेकॉर्ड करू नका. अनेक ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि नसला तरी त्याला कळलं की सगळं संपतं.

कृष्णविवर

दबाव टाकून साक्ष मिळवायला गेलं की काय होतं याचं कोरियाचं उदाहरण या विषयात प्रत्येकाला माहीत असायला हवं.

ह्वांग वू-सुक यांच्या मूळपेशींच्या दाव्यांबद्दल त्यांच्याच लॅबमधल्या माजी सहकाऱ्याने २००५ मध्ये एमबीसी वाहिनीच्या शोधपत्रकारिता चमूला माहिती दिली. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या एका मुलावर उपचाराचा प्रयोग होऊ घातला होता, त्याची त्याला काळजी होती. चमूला दुजोरा देणारा आतला माणूस हवा होता. तो अमेरिकेत पिट्सबर्गला काम करत होता. चमूने त्याला गाठलं आणि ह्वांग यांच्यावर खटला होणार असल्याची भीती घालून बोलतं केलं. तो बोलला, पण ही पद्धत बाहेर आली तेव्हा डिसेंबरमध्ये एमबीसीला जाहीर माफी मागावी लागली. जाहिरातदार पळाले आणि खरी माहिती असूनही लोकांची सहानुभूती ह्वांगकडे गेली. पारडं फिरलं ते तरुण जीवशास्त्रज्ञांच्या एका ऑनलाइन मंचावर पेपरमधल्या दुबार छायाचित्रांचा पुरावा निनावी मांडला गेला तेव्हा. पाठोपाठ सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या समितीने दावे खोटे ठरवले. मूळ माहिती देणाऱ्याला दरम्यान रुग्णालयातली नोकरी सोडावी लागली.

यात आणखी एक पदर आहे. पिट्सबर्गच्या त्या संशोधकानेच पेशींची अदलाबदल केल्याचं सरकारी वकिलांच्या तपासात नंतर निघालं. म्हणजे गप्प बसलेला माणूस केवळ भित्रा नसतो, कधीकधी त्याचा स्वतःचा हात गुंतलेला असतो. म्हणून निरंजना म्हणतात ते पान त्याच्याकडून लिहवून घेणं गरजेचं आहे, पण ते वाचायचा हट्ट करू नये. त्यात काही गुंतलं असेल तर तुमच्याआधी ते वकिलाने ऐकलेलं बरं. लिहायचं नाव काढताच तो टाळाटाळ करू लागला, तर तुमची तक्रार त्याच्या शब्दावर उभी करू नका.

निरंजना

@कृष्णविवर, पूर्ण सहमत. पहिल्या बोलण्यात वापरू नयेत अशी तीन वाक्यं : 'उद्या सगळं बाहेर येईलच', 'तू गप्प बसलास तर तूही तितकाच जबाबदार', 'रुग्ण मेले तर?' तिन्ही खरी असली तरी ऐकणाऱ्याला धमकी म्हणूनच ऐकू येतात.

चालतात ती अशी : 'मला हे आकडे जुळवता येत नाहीत, तुझ्याकडून तपासून हवेत.' 'नाही म्हणालास तरी आपलं काही बिघडत नाही.' 'तुझं नाव मी तुला विचारल्याशिवाय कुणालाही सांगणार नाही.' हे तिसरं वाक्य बोलायचं तर ते पाळायचंच. त्यासोबत मर्यादाही सांगायची : समितीने थेट विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

तिसरा_डोळा

मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. इथली सगळी चर्चा धीराने, महिनोन् महिने चालणाऱ्या कामाची आहे. रुग्णावर पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया असेल तर? कॅरोलिन्स्कात तीन रुग्णांना कृत्रिम श्वासनलिका बसवली, तिघेही दगावले. साथीदाराची मनधरणी होईपर्यंत थांबणं मला मान्य नाही.

अभोगी

@तिसरा_डोळा, तुमचं बरोबर आहे आणि धाग्याच्या सुरुवातीलाच हे यायला हवं होतं. दोन तक्रारी वेगळ्या करा.

एक सुरक्षिततेची. ती मानवी चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे, चाचणीवर देखरेख करणाऱ्या मंडळाकडे किंवा औषध नियंत्रकाकडे जाते. त्यासाठी 'डेटा खोटा आहे' हे सिद्ध करावं लागत नाही. संमतिपत्र नाही, गंभीर दुष्परिणाम कळवलेला नाही, मंजूर आराखड्यात नसलेली मात्रा दिली गेली, प्राण्यांवरचे प्रयोग झाल्याचं लिहिलंय पण त्याची नोंद दिसत नाही. यातलं एक ठोस पुरे. समितीला चाचणी थांबवून ठेवण्याचा अधिकार असतो. ही तक्रार आजच, गरज पडली तर एकट्याने करायची. साथीदारासाठी थांबायचं नाही.

दुसरी गैरप्रकाराची. ती सावकाश, साथीदारासह.

यात आणखी एक फायदा आहे. संख्याशास्त्रज्ञ किंवा परिचारिका गैरप्रकाराच्या आरोपावर सही करायला तयार होत नाही, पण 'हा दुष्परिणाम नोंदवहीत आहे आणि अहवालात नाही' यावर करते. त्यात कुणाच्या हेतूबद्दल एक शब्द नसतो.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातला कर्करोग-संशोधक अनिल पोट्टी याचं प्रकरण इथे बोलकं आहे. लॅबमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने २००८ मध्ये विश्लेषणातल्या चुका मुद्देसूद लिहून दिल्या. वरिष्ठांनी त्याला बाहेर तक्रार न करण्याबद्दल समजावलं. त्याने पेपरांवरून आपलं नाव काढून घेतलं आणि लॅब सोडली. त्याच पद्धतीवर बेतलेल्या कर्करोगाच्या चाचण्या मात्र २०१० पर्यंत बंद झाल्या नाहीत. कागद तयार होता, बाहेरचे संख्याशास्त्रज्ञही त्याच चुका दाखवत होते, पण आतला आणि बाहेरचे यांची गाठ पडली नाही.

मोजपट्टी

पुरावा सांभाळण्याबद्दल थोडं तपशिलात, कारण साथीदाराला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारी जागा हीच.

ज्या फायली बघायचा अधिकार त्याला कामामुळे आहे, तेवढ्याच त्याने बघाव्या. कॅरोलिन्स्कातल्या तक्रारदारांवर रुग्णांच्या नोंदी पाहिल्याबद्दल पोलिसांत तक्रार झाली होती. रुग्णाचं नाव असलेली एकही फाइल घरी न्यायची नाही, फोटोही नाही. त्याऐवजी फाइल कुठे आहे हे लिहायचं : संगणक, फोल्डर, नाव, आकार, शेवटच्या बदलाची तारीख. चौकशी समिती ती ताब्यात घेऊ शकते, तुम्ही घ्यायची गरज नाही.

स्वतःच्या प्रयोगाच्या फायलींची प्रत ठेवायची, तर संस्थेचे नियम आधी वाचून. मूळ फाइल उघडून 'सेव्ह' करू नका, तारीख बदलते. आधी शा-२५६ हॅश काढा. हा ६४ अक्षरांचा ठसा फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण बदलतो. ठसा आणि तारीख कागदावर लिहून सही करायची. यामुळे नंतर 'तुम्हीच फाइल बदललीत' हा आरोप टिकत नाही.

एक्सेलची फाइल मुळात झिप गठ्ठा असते. सूत्रं वापरलेली असतील तर आत गणनेच्या क्रमाची एक नोंद सापडते आणि त्यातून ओळी जागेवरून हलवल्याचा सुगावा लागू शकतो. पण हे काम जाणकारावर सोडा. साथीदाराने फक्त फाइल जशीच्या तशी राखायची.

सापळा लावू नका. मुद्दाम चुकीचे नमुने प्रमुखाला देऊन तो काय छापतो ते पाहू, असं पुष्कळांच्या डोक्यात येतं. त्यात डेटा बिघडवणारे तुम्हीच ठरता.

शेवाळ

विद्यार्थ्यांबद्दल आणखी कुणी लिहा. त्यांचं पुढे काय होतं?

निरंजना

@शेवाळ, विस्कॉन्सिनचं उदाहरण सांगते. २००५ मध्ये तिथल्या एका जनुकशास्त्राच्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांना प्रमुखाच्या निधी-अर्जात खोटा डेटा दिसला. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय जायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं आणि मग विभागप्रमुखांकडे गेले. आरोप खरे निघाले. पण लॅब बंद झाली, बऱ्याच जणांची वर्षं वाया गेली आणि काहींनी पीएचडीच सोडली.

म्हणून विद्यार्थ्याला सोबत घ्यायचं असेल तर तक्रारीआधी पर्यायी मार्गदर्शक शोधा. नुसतं 'बघू' नको. विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाला विचारायचं : 'या विद्यार्थ्याला मार्गदर्शक बदलावा लागला तर तुम्ही घ्याल का, आणि झालेल्या कामातला किती भाग चालेल?' कारण सांगायची गरज नाही. शिफारसपत्रासाठी प्रमुखाखेरीज दोन नावं हवीत. शिष्यवृत्ती प्रमुखाच्या निधीतून येते की विद्यापीठाच्या, हे आधी तपासा. विद्यार्थ्याच्या हातात यातलं काहीतरी लेखी आलं की त्याचं बोलणंच बदलतं.

भूमिकेच्या पायऱ्याही त्याच्यासमोर मांडाव्या. नुसती पडताळणी करून बाजूला होणं. मूळ फाइल कुठे आहे एवढं सांगणं. समितीने बोलावलं तर उत्तर देणं. तक्रारीवर सही करणं. कुठल्याही पायरीवर थांबायची मुभा हवी, आणि पुढची पायरी त्याने स्वतः मागेपर्यंत तुम्ही पुढे करायची नाही.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या जागल्या-संरक्षण निर्देशात तक्रारदाराला मदत करणाऱ्या सहकाऱ्यालाही संरक्षण दिलंय. तुमच्या देशातला कायदा मदतनिसाला धरतो की फक्त सही करणाऱ्याला, हे वकिलाला विचारा. कुठल्या पायरीवर थांबायचं ते त्यावरही ठरतं.

तिसरा_डोळा

तक्रार दिल्याच्या दिवशी साथीदाराने काय करायचं?

अभोगी

रोजचं काम. रजा नाही, कपाट आवरणं नाही, फायली हलवणं नाही.

तक्रारीत मागणी करा की प्रमुखाला कळवण्याआधी किंवा कळवतानाच नोंदवह्या, संगणक आणि नमुने ताब्यात घ्यावेत. अमेरिकेत आरोग्य खात्याच्या निधीवरच्या संशोधनासाठी हा नियमच आहे. बाकी ठिकाणी मागावं लागतं. निनावी ऑनलाइन टिप्पणी टाकायची असेल तर ती ताबा झाल्यानंतर. आधी टाकली तर ती प्रमुखाला दिलेली पूर्वसूचना ठरते.

मजकुरात 'फसवणूक' हा शब्द नको. 'आकृती २ब आणि ४क यांची पार्श्वभूमी एकसारखी आहे, मूळ प्रतिमा पाहाव्यात' असं लिहा. प्रामाणिक चूक गैरप्रकारात मोजली जात नाही, आणि हेतू ठरवणं समितीचं काम. साथीदारालाही अशा वाक्याखाली सही करणं सोपं जातं.

शेवाळ

आणि एवढं करूनही तो 'नाही' म्हणाला तर?

निरंजना

तर 'बरं' म्हणायचं आणि त्याच्या देखत आपल्या टिपणांतून त्याचं नाव काढायचं. त्याने शोधलेली गोष्ट तक्रारीत वापरायची नाही, फक्त तुम्ही स्वतः प्रकाशित पेपरमधून दाखवू शकता तेवढंच लिहायचं. आपल्या संस्थेत तक्रार कुणाकडे जाते त्या कार्यालयाचं नाव मात्र त्याला सांगून ठेवा. समितीने लॅबमधल्या सगळ्यांना बोलावलं की त्यालाही बोलावणं येणारच, आणि तेव्हा काय उत्तर द्यायचं ते त्याचं तो ठरवेल.